सहदेवचं ऑपरेशन

—नाही गं, अमुकच घे असं कसं सांगू? दवाखान्याच्या भिंतीवरच्या त्या तक्त्यात सगळंच चांगलं दिसतं. मी एकेक करून बसलेय म्हणून बोलते हो. तुला इतक्यात मूल नकोय ना, मग कॉपर-टी बघ—एकदा बसवली की विसरून जायचं, शंभरात एखादीलाच दगा देते म्हणतात. मला मात्र अंगावरून इतकं जायला लागलं की काढावी लागली. गोळ्याही पक्क्याच, पण न चुकता घेतल्या तर—आमच्याकडे डोंबिवलीत पाहुणे उतरले की मी जेवले का तेच आठवायचं नाही, गोळी कुठली आठवतेय? निरोध आणला तर वापरायला लागतो, कपाटात ठेवून काय उपयोग—आमचे हे म्हणायचे, आज राहू दे, काही होत नाही. आणि ते दिवस मोजणं तर नकोच. मुलगी झाली, संचिता, तिच्यावरच थांबायचं ठरलेलं आमचं. त्या मोजण्यात धाकटा, प्रेम, झाला. गोड आहे, तसं नाही—पण दमले गं मी.

मग इथल्याच डॉक्टर मॅडमनी यांना समोर बसवून सांगितलं, की बाईच्या ऑपरेशनपेक्षा पुरुषाचं सोपं, टाका नाही, त्याच दिवशी घरी, आणि खात्रीचं. हे चक्क हो म्हणाले. माझा विश्वासच बसेना. एका शनिवारी एकटेच गेले, मला येऊ दिलं नाही—आणि दुपारी हळूहळू चालत परत आले. मी शिरा केला, पाण्याची बादली उचलू दिली नाही. सासूबाई रडल्या, माझ्याशी बोलेनात, ते पण सोसलं. बहिणीला फोन करून सांगितलं, कौतुकाने. मॅडमनी बजावलेलं, तीन महिने सांभाळा, तपासणी करून घ्या, तोवर खात्रीचं धरू नका. यांनी सांगितलं, केली तपासणी, सगळं क्लिअर आहे. नवऱ्याने सांगितल्यावर कोण परत विचारतं? मी तरी नाही विचारलं.

आणि आता हे. हो, म्हणूनच आलेय. घरी दोन वेळा तपासलं, दोन्ही वेळा तेच. सासूबाईंना कळायचं ते कळलंच, उलट्या काय लपतात? जेवताना, मुलं आत टीव्ही बघत होती, त्या मला म्हणाल्या, "त्याचं तर ऑपरेशन झालंय ना गं?" एवढंच. पुढचं त्या बोलल्या नाहीत, बोलायची गरजही नव्हती. मी यांच्याकडे बघितलं. आणि त्याने—त्याने आमटी वाढून घेतली, आणि जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी कपडे वाळत घालत होते, तिथे आला. म्हणाला, "मी गेलोच नव्हतो. म्हणजे दारापर्यंत गेलेलो. भीती वाटली." तपासणीही खोटी. भीती वाटते गं माणसाला, मला वाटत नाही का? तेव्हाच सांगितलं असतं तर मी हसून सोडलं असतं, दुसरं काही बघितलं असतं. पण त्याच्या आईने मला तसं विचारलं आणि हा जेवला—हे कुठे ठेवू मी? वर म्हणतो, आईला सांगू नकोस.

सांगितलं. आज निघताना, त्याच्यासमोरच. वाटलं, म्हातारी निदान माझ्या पाठीवरून हात फिरवेल. ती म्हणाली, बाहेर कुठे बोलू नकोस, त्याला लाज वाटेल. आणि मी बघ, तुझं नावसुद्धा विचारलं नाही अजून, आणि सगळं—

हो सिस्टर, मीच. हे पाडायचं ते आजच, आणि माझं ऑपरेशन कधी ते पण मॅडमना विचारायचंय. मिस्टर ना, आहेत खाली, चहाच्या टपरीवर. नको, वर नका बोलावू. सही माझी एकटीची चालते, मॅडम म्हणाल्यात मला. तू सरक गं जरा, माझी पिशवी अडकलीय. आणि रडू नकोस, बाई, माझ्यात आत्ता ताकद नाहीये कोणाला गप्प करायची.