नकार आला तरी

दवाखान्यात जुन्या नोंदींच्या खिडकीपाशी मास्तर ताटकळले होते, कारण पुढच्या बाई खिडकी सोडायला तयार नव्हत्या.

“अहो, आई आहे मी तिची!”

“मावशी, मुलीनंच तुमची परवानगी काढून घेतलीय. तिची फाईल मला उघडताच येत नाही.”

“आजार नका सांगू. बरी आहे का, एवढंच सांगा. दोन वर्षं झाली, फोन उचलत नाही.”

“तेही नाही सांगता येत. फार तर विनंती टाकतो. पण कोण विचारतंय त्याचा मेसेज तिला लगेच जातो, नावानिशी.”

“माझं नाव जाईल तिला?”

“हो. म्हणूनच म्हणतो, राहू द्या.”

“नाही नाही, टाका!”

“नकारच येणार, मावशी.”

“येऊ दे. नकार द्यायला तरी माझं नाव वाचेल ना ती?”