डिस्क चांगलीच होती

अपडेटचं नाव काढू नका गा, चहा कडू लागते मले. आमच्या स्कॅन सेंटरचे कॉम्प्युटर मी पाहतो. रविवारी सर्व्हरले नवीन अपडेट टाकलं आन् सोमवारी सकाळपासून स्कॅन रांगत उघडू लागले. मी म्हटलं, डिस्क गेली! नवी आणली, बसवली, डेटा भरता भरता दिवस गेला.

संध्याकाळी अपघाताचा पेशंट आला. रेडिऑलॉजिस्ट मेश्राम मॅडम ओरडल्या, "अरे, डोक्याचा स्कॅन उघडूनच नाही राहिला! सर्जन फोनवर आहेत, काय सांगू त्याइले?"

भिवापूरले सुटीवर गेलेल्या वासनिकले, म्हणजे माझ्या कामातल्या जोडीदाराले, फोन लावला.

"अपडेट केलं होतं का?"

"हो."

"बॅकअप चालू आहे?"

"हो ना बे!"

"मंग शेड्युलर बदलला असन. डिस्कवरून आधी कोणाचं वाचायचं, ते तोच ठरवते. आधी मॅडमचा नंबर पहिला होता, आता बॅकअपले तेवढाच मान भेटून राहिला. जुना शेड्युलर लाव."

लावला. स्कॅन खटकन उघडला. मॅडमनं सर्जनले सगळं सांगितलं, फोन ठेवला आन् माह्याकडे वळल्या.

"मंग डिस्कले काय झालं होतं?"

"काही नाही, मॅडम. चांगलीच होती."

"तू डॉक्टर नाही झाला ते बरं झालं गा. डोकं दुखते म्हणणाऱ्याचं तू मुंडकंच बदललं असतं!"