अनयचा माफीनामा

(उज्जैन. कोर्टाचा व्हरांडा, दुपारचा दीड. भार्गवी वकिलाच्या काळ्या कोटात.)

भार्गवी : रडू नका, मॅडम. आधी सांगा, अनयने लिहिलेलं पत्र तुम्ही कुणाला दिलंत? पोलीस थान्यात?

कल्पना : नाही गं. त्या जखमी मुलाच्या आईला. दवाखान्यात जाऊन, माझ्या हाताने. तिचा पोरगा डोकं फुटून पडलाय, माझा मुलगा त्या भांडणात होता. मला राहवेना.

भार्गवी : अरे देवा! थान्यात दिलं असतंत तर परवडलं असतं. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. बाहेरच्या माणसाला लिहून दिलेली चालू शकते. आणि तिने ते सरळ थान्याच्या मोठ्या साहेबांकडे, टीआयकडे पोचवलं.

कल्पना : म्हणून काल रात्री घरी येऊन अनयला घेऊन गेले ते! अगं, मग मीच पोराचा गळा कापला की! वापस मागून आणू? पाया पडते तिच्या.

भार्गवी : मुळीच जायचं नाही! साक्षीदारावर दबाव टाकला म्हणतील, मग जमानत विसराच.

कल्पना : आज भैरवगढच्या जेलमध्ये पाठवतील का गं त्याला? खरं सांग. एकवीस वर्षांचा आहे, अजून पोह्यातला कांदा वेचून बाजूला ठेवतो.

भार्गवी : दोन वाजता जजसमोर पेशी आहे. मी जमानत मागणार, पण मिळेलच असं खोटं नाही सांगणार. त्याला म्हटलंय, पोलिसांनी काही विचारलं तर गप्प राहा, तो तुझा हक्क आहे.

कल्पना : गप्प राहिला तर गुन्हेगारच समजतील ना!

भार्गवी : ते तुमच्या वर्गात, मॅडम. इथे गुन्हा त्यांनी सिद्ध करायचा. पत्रात काय आहे?

कल्पना : 'मेरे हाथ से बड़ी भूल हुई, क्षमा करें.' शब्द माझे. लिहिलं त्याने.

भार्गवी : पण सळई त्याच्यासोबतच्या त्या सुमीतने मारली! टावर चौकात अनय तर सोडवायला मधे पडला होता.

कल्पना : शर्टावर रक्त होतं गं त्याच्या! घाबरले मी. छत्तीस वर्षं शाळेत हेच पाहिलं, माफीनामा लिहिला की झालं, पोरगं सुटलं.

भार्गवी : सातवीत मीही लिहिला होता तुम्हाला. प्रयोगशाळेची काच मी फोडली नव्हती.

कल्पना : मग लिहिलास कशाला?

भार्गवी : तुम्ही समोर उभ्या होतात.

कल्पना : भार्गवी...

भार्गवी : जाऊ द्या. आता नीट ऐका. केस उभी राहिली तर तुम्हाला साक्ष द्यावी लागेल. पत्र तुम्ही सांगितलंत, त्याने नुसतं उतरवलं, हे सांगायला. अनय समोरच असेल.

कल्पना : देईन. काहीही विचारू देत.

भार्गवी : लिहिताना तो काय म्हणाला, हे विचारतील.

कल्पना : 'आई, मी नाही मारलं.' तीनदा म्हणाला.

भार्गवी : आणि तुम्ही?

कल्पना : मी म्हटलं, अक्षर नीट काढ.