तिने न सांगितलेलं दुखणं

ताई : तिसऱ्यांदा हाच कृत्रिम पाय घासून देतेय, आजोबा. दर वेळी नातीला विचारते, बोचतंय का? ठरलेलं उत्तर, ‘नाही ताई, मस्त आहे.’ आणि आज मोजा उतरवून बघते तर गुडघ्याखाली हा एवढा फोड!

आजोबा : सोशीक आहे हो पोर. शाळेची भिंत अंगावर पडली, पाय कापावा लागला, तरी हूं की चूं केलं नाही.

ताई : त्याचं कौतुक नका करू. नवा पाय कुठे बोचतो ते तिने सांगितलंच नाही, तर मी काय डोंबल घासू? ही जखम चिघळली तर राहिलेला गुडघाही जाईल.

आजोबा : असं नका हो बोलू. मी विचारतो तिला.

ताई : मी विचारलं. तुम्ही कागद आणायला गेला होतात तेव्हा. आधी ‘कुणाला सांगणार नाही’ अशी शपथ घ्यायला लावली मला.

आजोबा : आणि?

ताई : भिंत पडली त्या दिवशी उठायला उशीर झाला म्हणून तिने सकाळची प्रार्थना बुडवली. तुम्हाला मात्र ‘केली’ म्हणून सांगितलं. आता देवाची शिक्षा मुकाट्याने सोसली तर दुसरा पाय शाबूत राहील, अशी समजूत करून बसलीय.

आजोबा : अरे देवा. हे मीच शिकवलं. प्रार्थना करणाऱ्याच्या केसालाही धक्का लागत नाही, रोज सांगायचो.

ताई : मला वाटलंच.

आजोबा : मग भिंत का पडली, हे मला तरी कुठे कळलंय? मनात आलं की झटकून टाकतो. भीती वाटते, ताई. हे सुटलं तर या वयात मी धरू काय?

ताई : तुमचं नि देवाचं तुम्ही बघा. मला त्यातलं कळत नाही. इथे रोज एवढी एवढीशी मुलं येतात. पाप केलेलं त्यांच्यात एकही नसतं. मला तिचा गुडघा वाचवायचाय.

आजोबा : बोलवा तिला आत.

(नात कुबड्या टेकत येते.)

नात : आबा, झालं? जायचं घरी?

आजोबा : बस जरा, ठमाबाई. त्या दिवशी मी प्रार्थना केली होती. तुझ्यासाठीसुद्धा. अगदी मन लावून.

नात : ...ताईंनी सांगितलं ना? चहाडखोर!

ताई : हो बाई, आहे मी चहाडखोर.

आजोबा : ऐक. मी प्रार्थना केली, तरी भिंत पडली. कच्ची होती म्हणून पडली. तू झोपून राहिलीस म्हणून नाही. मी तुला चुकीचं शिकवलं गं.

नात : आणि मी खोटं बोलले त्याचं?

आजोबा : त्याबद्दल तुझा कान मी पिळीन, घरी गेल्यावर. तेवढ्यासाठी पोरीचा पाय नेणारा देव असेल, तर तो मला नको.

नात : मग सांगितलं तर चालेल?

आजोबा : सांग बाळा. ओरडून सांग.

नात : ताई, इथे बोचतं. मागेपण. आणि आबा, जो पाय नाहीये ना, तोसुद्धा दुखतो.