मेहुण्याला अजून एक हिवाळा

...नाही, तुम्ही हसा, तुमचं काय जातंय हसायला! तुमची सासू तुमच्या घरात राहत नसेल, आणि राहत असली तरी तिचा मुलगा शॉर्टस्टॉप नसेल! तुम्हाला सांगतो, आमचा साखर कारखाना बंद पडला ना, तेव्हा अख्खं गाव मिळून जेवढं घाबरलं नव्हतं, तेवढा मी एकटा घाबरलो होतो त्या मंगळवारी. आमच्या खेकड्यांच्या... हो, खेकडेच, बेसबॉल संघाचं नाव आहे ते, दात काढू नका, समुद्रकाठच्या संघानं काय हत्ती नाव ठेवायचं? तर आमच्या खेकड्यांच्या मालकीणबाई दोन्या एर्सिलिया; दोन्या म्हणजे बाईसाहेब. नवरा गेल्यापासून संघ त्याच चालवतात, आणि नवरा का गेला हे त्यांच्यासमोर जरा वेळ बसलं की आपोआप कळतं. त्यांनी मला बोलावलं. पंख्याखाली बसवलं. वर कॉफी दिली! दोन्या एर्सिलिया कॉफी देतात म्हणजे आज कुणाचा तरी बळी आहे, हे संघातला चेंडू पुसणारासुद्धा सांगेल.

"बेनिग्नो," म्हणाल्या, "नेरेओचा करार या हिवाळ्याच्या हंगामात संपतोय. वाढवू, का नको वाढवू? तू त्याच्या शेजारी उभा असतोस, तुझ्याइतकं कुणाला दिसत नाही. तू म्हणशील तसं करीन. सोमवारी येऊन सांग. आणि हे बघ, हे आपल्या दोघांतच!"

आपल्या दोघांतच! अहो, नेरेओ माझ्या बायकोचा सख्खा भाऊ! तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला राखणदार, सगळे वाकडेतिकडे चेंडू त्याच्याच अंगावर. आणि मी दुसऱ्या बेसवर, त्याच्या डाव्या हाताला. आमच्याकडे पोरगा झाला की बाप आधी त्याचे तळवे बघतो, शॉर्टस्टॉपचे आहेत का म्हणून. माझे बघून बापानं नुसता उसासा टाकला होता म्हणे. नेरेओचे बघून त्याच्या बापानं गावजेवण घातलं होतं! त्या नेरेओला ठेवायचं की काढायचं हे मी सांगायचं. आता सांगा, माणसानं घाबरायचं नाही तर काय करायचं?

बाहेर पडलो, कोपऱ्यावरच्या दुकानात बर्फ घ्यायला थांबलो, तर दारात डॉमिनो खेळणारे एकदम गप्प! एकाचा ठोकळा तसाच हवेत! "काय मग बेनिग्नो, ठेवतोयस ना आमच्या नेरेओला?" अहो, मी येण्याआधी बातमी येऊन बसलेली! दोन्या एर्सिलियांच्या स्वयंपाकिणीचा भाऊ त्या दुकानात गिऱ्हाईक, बोला आता. तिथून निसटलो तो उबाल्दो न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसलो, म्हटलं दाढी तरी शांतपणे होईल. फेस लावला, मान मागे केली, वस्तरा इथं, बरोब्बर इथं गळ्यावर टेकवला आणि उबाल्दो म्हणतो कसा, "नेरेओचं अडतीस म्हणजे काही म्हातारपण नाही... नाही का रे?" आणि वस्तरा थांबला! मी हो म्हणायला मान हलवावी तर मानच जायची, नाही हलवावी तर त्याचा गैरसमज! डोळ्यांनी हो म्हटलं हो मी. डोळ्यांनी!

घरी आलो. एरवी आमच्या सासूबाई मला "ए" म्हणतात. नुसतं "ए". त्या दिवशी दारात उभ्या. "या जावईबापू!" जावईबापू?! ताटात काय, उकडून कुस्करलेली कच्ची केळी, त्यावर तळलेलं चीज, सलामी आणि दोन अंडी. दोन! "खा हो, धावून धावून वाळलात अगदी." बायकोकडे बघितलं, तर मिरेया कसावाचा कंद सोलत बसलेली. "तुम्हाला काय सांगायचं ते सांगा बाईंना," म्हणाली, "मी मध्ये पडणार नाही." आणि खटकन कंदाचे दोन तुकडे! आता सांगा, घाबरायचं नाही तर काय करायचं?

आणि खरं सांगू का... इकडे या जरा, गावात बोलू नका... नेरेओचे पाय गेलेत. हात सोन्याचे आहेत अजून, नजर तर अशी की फलंदाजानं टाच कशी टेकली यावरून चेंडू कुठं जाणार ते सांगतो, पण पाय? गेले. पूर्वी चेंडू यायच्या आधी हा तिथं जाऊन वाट बघायचा. आता चेंडू येतो, याच्याकडे बघतो आणि पुढं जातो. मग लोकांना कळत कसं नाही? कारण मी मरतोय ना इकडे धावून! बघा, समोरचा गडी पहिल्या बेसवरून दुसरा बेस चोरायच्या, म्हणजे फलंदाजानं चेंडू मारायची वाट न बघता पळत गाठायच्या, बेतात असला की बेसवर आमच्यापैकी कुणी जायचं हे शॉर्टस्टॉपनं सांगायचं असतं. तोंडासमोर हातमोजा धरायचा, म्हणजे समोरच्यांना दिसत नाही, आणि मला दाखवायचं. ओठ मिटलेले असले म्हणजे 'मी जातो', तोंड उघडलं म्हणजे 'तू जा'. दोन हिवाळे झाले, याचं तोंड उघडंच! माश्या गेल्या असतील आत, पण मिटलं नाही! आणि लोक म्हणतात, "बेनिग्नोला या वयात काय चपळाई आलीय!" चपळाई कसली, गुडघे रडतात रात्रभर. हा राहिला तर मी धावून मरणार. हा गेला तर त्याच्या जागी कुणीतरी विशीतला येणार, आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो की मी केवढा म्हातारा झालोय ते आंधळ्यालाही दिसणार. इकडून भीती, तिकडून भीती! शेवटी ठरवलं, सोमवारी गुपचूप 'वाढवा' म्हणायचं. मेलो तर मेलो, निदान घरात जेवायला तरी मिळेल.

पण मध्ये आला रविवार. दुपारचा सामना, दोन्या एर्सिलिया काळा चष्मा लावून पहिल्या रांगेत. पहिल्या बेसवर समोरचा एक गडी, हा एवढा, बैल नुसता, पळायला टपलेला. मी सवयीनं नेरेओकडे बघितलं. त्यानं हातमोजा वर धरला... आणि ओठ मिटलेले! म्हटलं, अरे उघड, उघड तोंड, मी जातो की! मी मान हलवतोय, डोळे वटारतोय, हा आपला ओठ आवळून ठाम. बाईंना दाखवायचं होतं ना त्याला, पाय अजून शाबूत आहेत ते. आणि शॉर्टस्टॉपनं सांगितल्यावर दुसऱ्या बेसवाल्यानं मध्ये घुसायचं नसतं, दोघं गेले तर मागं सगळं रान मोकळं. तो बैल सुटला, तिकडून चेंडू सुटला, नेरेओ सुटला... पोचला हो, पोचला, पण त्या बैलाबरोबरच पोचला. नुसती धूळ! धूळ खाली बसली तर बैल उठून कपडे झटकतोय आणि आमचा नेरेओ पडलेला. हलेना.

तुम्हाला सांगतो, सासू, उबाल्दोचा वस्तरा, दोन्या एर्सिलिया, ही सगळी गंमत होती. ती भीतीच नव्हे. भीती ती. मी गुडघ्यावर बसलो, त्याचं डोकं धरलं... लग्नाच्या आधीपासून मी याच्या डाव्या हाताला उभा आहे हो. त्यानं डोळे उघडले, तोंडातली माती थुंकली आणि काय म्हणाला? "दाजी, आईला सांगू नका."

सोमवारी गेलो. अख्खी वाट 'वाढवा, वाढवा' घोकत गेलो. पंख्याखाली बसलो, आणि तोंडातून निघालं, "नको!" मलाच दचकायला झालं! मग जे सुटलो ते थांबेना. म्हटलं, बाई, एक दिवस हा माझ्यासमोर मोडेल आणि तो मला उचलावा लागेल, माझ्याच्यानं नाही व्हायचं ते! त्याची नजर तेवढी ठेवून घ्या, पाय जाऊ द्या, बाकावर बसवा, आमचा शिक्षक करा त्याला! बोलता बोलता रडलो की मी. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरं," एवढंच म्हणाल्या.

मग नेरेओकडे. ओसरीवर बसलेला, घोटा बर्फाच्या बादलीत. कसं सांगितलं मला आठवत नाही. त्यानं बादलीतला बर्फ हातानं ढवळला. मग म्हणाला, "बरं केलंत दाजी. मला म्हणवत नव्हतं. रोज मैदानात उतरताना भीती वाटायची." आणि वर म्हणतो, "पण आईला तुम्हीच सांगा."

मीच! परत मीच! घरी गेलो, दाराबाहेरूनच सांगून टाकलं, पळायला सोपं म्हणून. तर सासूबाईंनी दोन्ही हात जोडले आणि ढसाढसा रडायलाच लागल्या, "माउली पावली गं! रोज मेणबत्ती लावत होते, माझ्या लेकराला आता थांबव म्हणून!" अहो, म्हटलं, मग ती अंडी? ते जावईबापू? "तुम्ही घाबरून 'वाढवा' म्हणू नये म्हणून!" घ्या!

तर सगळे खूश. नेरेओ आमचा शिक्षक झाला, सावलीत बसतो, पोरं त्याला सर म्हणतात. परवा पहिला सराव. एक चेंडू माझ्या पायांमधून गेला. नेरेओ काही बोलला नाही. नुसतं बघितलं. बोलला असता तर बरं झालं असतं हो! आणि मागून दोन्या एर्सिलियांचा आवाज, "बेनिग्नो, पुढच्या हिवाळ्यात तुझा करार संपतो ना? तुझं मी नेरेओला विचारीन. तो जवळून बघतो." आता त्याला कुणाची भीती? सासू त्याची आई, माझी बायको त्याची बहीण!

...चला, निघतो मी. नेरेओच्या घराला रंग देतोय. नाही नाही, त्यानं सांगितलेलं नाही. मीच म्हटलं, देऊन टाकू.