चौकटीत काय?

वडील गेले, त्यांच्या राहिलेल्या वस्तूंची पिशवी हातात आली, तरी मला हॉस्पिटलच्या त्या मजल्यावरून निघवेना. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसले. शेजारी एक मुलगी आणि तिची मावशी गणितं सोडवत होत्या.

“आठ अधिक चार बरोबर चौकट अधिक पाच. चौकटीत काय?”

“बारा.”

“आणि तो पाच काय शोभेला ठेवलाय?”

“बरोबरचं चिन्ह आलं की उत्तर लिहायचं असतं गं, मावशी.”

“नाही गं बाई. तराजूसारखं असतं ते. दोन्हीकडे सारखंच भरलं पाहिजे. पाय हलवू नकोस.”

“तूच हलवतेयस. दार उघडलं?”

“नर्स होती. इकडे बघ. या बाजूला बारा, मग त्या बाजूला?”

“पाच तर आहेतच... सात!”

“शाब्बास.”

“म्हणजे आधीपासून सातच होते?”

“हो. आपल्याला फक्त माहीत नव्हतं.”

“मी बारा लिहिले तेव्हापण?”

“तेव्हापण.”

“मग आईचंपण आत ठरलेलंच असेल?”

“पुढचं गणित घे.”

“सांग ना.”

“ते ठरलेलं नसतं, सोन्या. डॉक्टर अजून सोडवतायत.”

“मग त्यांचं होईपर्यंत मीपण नाही सोडवणार.”

मावशी उठून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मुलीनं पेन्सिल माझ्यापुढे धरली.

“तुम्हाला येतात ही?”

“घाल एखादं.”

“सहा अधिक नऊ बरोबर चौकट अधिक दहा. पण लगेच सांगू नका हं.”