मापात आणलेली पँट

ताईच्या पँटची गंमत तुम्हाला सांगितलीच नाही ना? ताई हिप हॉपमधला ब्रेक डान्स करते. पहिल्या स्पर्धेसाठी तिने दोन मापं मोठी पँट आणली. आई म्हणाली, "काय ध्यान दिसतेस!"

"आई, हिप हॉप म्हणजे नुसतं नाचगाणं नाही. ती राहणी आहे!"

स्पर्धेच्या दिवशी सकाळी आईने हसत हसत तीच पँट पुढे ठेवली. "टेलरकडून मापात करून आणली. राहणी कशी नीटनेटकी हवी."

त्या पँटमध्ये ताईला धड मांडीही घालता येईना, मग डोक्यावर गिरकी कशी घेणार? ती रडायलाच लागली. शेवटी पप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ड्युटीवर घालतात ती खाकी पँट तिने कमरेला नाडी आवळून चढवली आणि आम्ही निघालो.

ताई झकास नाचली. परीक्षक माइकवर म्हणाले, "याला म्हणतात हिप हॉप जगणं! पँटसुद्धा बघा, किती वर्षं वापरल्यासारखी वाटते!"

माझ्या शेजारून पप्पा उठले. मी ओढणीत तोंड लपवलं.

"वाटते काय साहेब, सहा वर्षं वापरतोय! उद्या फर्स्ट शिफ्टला लागणार आहे. तिला म्हणावं, डोक्यावर खुशाल नाच, गुडघे तेवढे टेकू नकोस!"